इंजिनीअरिंगच्या गणिताची धास्ती वाटतेय? आधी नववी-दहावीचं बीजगणित तपासा

माझ्या एम-वनच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत अजून माझ्याकडे आहे. निकालात ८० पैकी २३ गुण दिसले, तेव्हा तपासणाऱ्यांचीच काहीतरी चूक झाली असणार याबद्दल मला जराही शंका नव्हती. बारावीला गणितात चांगले गुण होते, सीईटी बरी गेली होती, लेक्चरही फारशी बुडवली नव्हती. पुनर्मूल्यांकनाच्या आशेने पैसे भरून छायाप्रत मागवली आणि हॉस्टेलच्या खोलीत एकेक पान उलटत बसले.

चूक तपासणाऱ्यांची नव्हती. सूत्रं बरोबर होती, पद्धत बरोबर होती, पहिल्या तीन-चार ओळीही बरोबर होत्या. मग मध्येच कुठेतरी √(क्ष² + ९) या राशीचं मी क्ष + ३ करून टाकलं होतं. दुसऱ्या एका गणितात कंस सोडवताना वजा चिन्ह फक्त पहिल्या पदाला लावलं होतं. तिसऱ्यात अंशात बेरीज असताना वरचा आणि खालचा क्ष सरळ खोडला होता. एम-वनला माझी केटी लागली ती कॅल्क्युलसमुळे नव्हे, शाळेतल्या बीजगणितामुळे.

यंदा माझ्या मावसभावाची इंजिनीअरिंग प्रवेशाची धावपळ सुरू आहे. कॅप राउंड चालू आहेत, कॉलेज सुरू व्हायला अजून काही आठवडे आहेत. परवा त्याचा मेसेज आला, "ताई, एम-वनसाठी आत्तापासून कोणता ऑनलाइन कोर्स लावू?" सोबत तीन लिंक होत्या, तिन्ही इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्सच्या. मी त्याला चौथी लिंक पाठवली, इंटरमीजिएट अल्जिब्राची. लगेच उत्तर आलं, "अगं, हे तर शाळेतलं आहे!"

हो, शाळेतलंच आहे. आणि पहिल्या वर्षाला बरेच जण तिथेच अडकतात.

इंटरमीजिएट अल्जिब्रा म्हणजे नेमकं काय?

हा शब्द मूळचा अमेरिकेतल्या कॉलेजांचा. तिथे विशेषतः कम्युनिटी कॉलेजांमध्ये पदवीच्या गणिताआधी तयारी म्हणून हा विषय शिकवला जातो. त्यात समीकरणं आणि असमानता, घातांक आणि करणी, बहुपदी आणि त्यांचे अवयव, अंश-छेदात चल असलेले अपूर्णांक, वर्गसमीकरणं, फलन आणि आलेख, शेवटी लॉगॅरिदम असे घटक येतात.

आपल्याकडे या नावाचा विषय नाही, पण यातलं जवळपास सगळं आपण शिकलेलो असतो. फरक इतकाच, की ते वेगवेगळ्या इयत्तांत विखुरलेलं आहे. राज्य मंडळाच्या पुस्तकांत वास्तव संख्या आणि बहुपदी नववीला, वर्गसमीकरणं दहावीला, फलन आणि लॉगॅरिदम अकरावीला. त्यामुळे नववीत एखादं प्रकरण हुकलं तर ते तिथेच राहतं. दहावीत पुढचं प्रकरण सुरू होतं, मागचं कोणी विचारत नाही. कॉलेजात मात्र हे सगळं एकाच गणितात, एकाच पानावर लागतं, आणि ते तुम्हाला येतंच असं गृहीत धरलेलं असतं. सर फळ्यावर 'सिम्प्लिफाय केलं की हे येईल' म्हणतात आणि तीन पायऱ्या गाळून पुढे जातात. सरांना घाई असते, कारण पोर्शन संपवायचा असतो. आपण मान डोलावतो, कारण शाळेतलं विचारायची लाज वाटते.

बारावी आणि सीईटी पार केलेल्यांचं हे कच्चं कसं राहतं?

याचं एक कारण परीक्षेच्या स्वरूपात आहे. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी दोन गुणांचे, सगळे बहुपर्यायी, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ९० मिनिटांत ५० प्रश्न म्हणजे एकाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. मग क्लासमध्ये आपण काय शिकतो? पर्यायातली किंमत समीकरणात टाकून बघायची, दोन पर्याय बाद करायचे, उरलेल्यातला उचलायचा. ते कौशल्यही चुकीचं नाही, पण त्यात पूर्ण गणित ओळीने उतरवण्याचा सराव सुटतो. विद्यापीठाच्या पेपरात पर्याय नसतात, पांढरा कागद असतो.

दुसरा गट डिप्लोमावाल्यांचा. पॉलिटेक्निकच्या बहुतेक शाखांत गणित मुख्यतः पहिल्या वर्षाला असतं. पुढची दोन वर्षं वर्कशॉप, प्रोजेक्ट, ट्रेनिंग. नंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो आणि समोर एम-थ्री उभं राहतं. माझ्या वर्गातली डिप्लोमाची मुलं मशिनवर आमच्यापेक्षा कितीतरी सरस होती. लाप्लास ट्रान्सफॉर्मची कल्पनाही त्यांना कळायची, पण उलटा ट्रान्सफॉर्म काढताना लागणाऱ्या आंशिक अपूर्णांकांपाशी गाडी थांबायची. १/(क्ष² + ३क्ष + २) याचे १/(क्ष + १) − १/(क्ष + २) असे दोन तुकडे होतात, हे बघायला आधी छेदाचे अवयव पाडता यावे लागतात. म्हणजे पुन्हा शाळाच.

एक छोटी चूक किती महाग पडते?

कॅल्क्युलसच्या पहिल्या धड्यातलं उदाहरण घ्या. क्ष² या फलनाचं डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढायचं आहे. त्यासाठी (क्ष + ह)² मधून क्ष² वजा करायचा, ह ने भागायचं आणि ह शून्याकडे न्यायचा.

(क्ष + ह)² चा विस्तार बरोबर केला तर क्ष² + २क्षह + ह² मिळतं. क्ष² गेला, ह ने भागलं, २क्ष + ह उरलं. ह शून्याकडे गेला की उत्तर २क्ष.

आता शाळेतली ती प्रसिद्ध चूक करा आणि विस्तार क्ष² + ह² असा लिहा. क्ष² गेला, ह ने भागलं, नुसता ह उरला. ह शून्याकडे गेला की उत्तर शून्य. म्हणजे क्ष² हे फलन कुठेच बदलत नाही, त्याचा आलेख आडवी सरळ रेषा आहे, असा अर्थ निघाला! लिमिटची कल्पना पूर्ण समजलेली आहे, तरी उत्तर शून्य आणि बहुधा गुणही शून्याच्या आसपास.

मॅट्रिक्सचंही तसंच. आयगेन व्हॅल्यू काढताना समीकरण आलं क्ष² − ७क्ष + १० = ०. उत्तरं २ आणि ५. कंस सोडवताना एक चिन्ह चुकलं आणि उणे ७ चं अधिक ७ झालं, तर उत्तरं उणे २ आणि उणे ५. त्यापुढे आयगेन व्हेक्टर काढायची दोन पानं लिहा, ती दोन्ही वाया.

माझ्या √(क्ष² + ९) चं काय झालं असतं? क्षच्या जागी ४ ठेवून बघायला दहा सेकंद लागतात. १६ अधिक ९ म्हणजे २५, त्याचं वर्गमूळ ५. आणि ४ + ३ म्हणजे ७. पाच आणि सात सारखे नसतात, हे मला पहिलीपासून माहीत होतं. पण साधी संख्या ठेवून आपलीच ओळ तपासायची सवय मला कोणी लावली नव्हती. मीही लावून घेतली नव्हती.

आधी स्वतःला तपासा: आठ प्रश्न, वीस मिनिटं

कुठलाही कोर्स लावण्याआधी ही छोटी चाचणी द्या. प्रश्न वहीत उतरवून घ्या, फोन पालथा ठेवा, कॅल्क्युलेटर नको. सगळ्या पायऱ्या लिहा.

१. (क्ष + ५)² चा विस्तार करा.
२. ३ − २(क्ष − ४) ला सोपं रूप द्या.
३. १/क्ष + १/(क्ष + १) ही बेरीज एकाच अपूर्णांकात लिहा.
४. २क्ष² − ७क्ष + ३ = ० सोडवा.
५. −३क्ष > १२ सोडवा.
६. ८ चा घातांक २/३ असेल तर किंमत किती?
७. √(क्ष + ६) = क्ष सोडवा.
८. पाया २ असताना ३२ चा लॉग किती?

उत्तरं अशी: १) क्ष² + १०क्ष + २५. २) ११ − २क्ष. ३) (२क्ष + १)/(क्ष² + क्ष). ४) क्ष = ३ किंवा १/२. ५) क्ष < −४. ६) ४. ७) फक्त क्ष = ३. ८) ५.

नुसते गुण मोजू नका, चूक कुठे झाली ते बघा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर −५ − २क्ष आलं असेल तर चिन्हांचा गोंधळ आहे. तिसऱ्याचं उत्तर २/(२क्ष + १) असेल तर अपूर्णांकांची बेरीज पुन्हा शिकायला हवी. पाचव्यात उणे संख्येने भागताना चिन्हाचं तोंड फिरवायला विसरलात का? सातव्यात −२ हेही उत्तर लिहिलं असेल, तर ते मूळ समीकरणात ठेवून बघा. वर्गमूळ उणे येऊ शकत नाही, म्हणून −२ बाद होतं.

सात किंवा आठ बरोबर असतील तर पूर्ण कोर्सची गरज नाही, फक्त चुकलेला भाग पक्का करा. चार ते सहा असतील तर निवडक प्रकरणं करा. त्याहून कमी असतील तर पहिल्या धड्यापासून सुरुवात करा. त्यात कमीपणा काही नाही. नोव्हेंबरमध्ये पेपर लिहिताना कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

कोर्स मिळतो कुठे? पैसे लागतात का?

या पातळीच्या बीजगणितासाठी पैसे मोजायची बहुतेकांना गरज नाही.

खान अकादमीवर अल्जिब्रा १ आणि अल्जिब्रा २ हे अभ्यासक्रम मोफत आहेत. छोटे व्हिडिओ, त्यांच्यामागे सरावाचे प्रश्न आणि अधूनमधून चाचण्या अशी रचना आहे. प्रश्न चुकला तर पायऱ्या बघता येतात. शेवटची चाचणी आधीच देऊन आपण कुठे कमी पडतो हेही पाहता येतं.

ज्यांना पुस्तक हवं त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा प्रकल्प आहे. त्यांचं इंटरमीजिएट अल्जिब्रा याच नावाचं पाठ्यपुस्तक मोफत डाउनलोड करता येतं. सोडवलेली उदाहरणं आणि सरावाची गणितं त्यात भरपूर आहेत. इंग्रजी सोपं आहे, पण डॉलर, मैल आणि फॅरनहाइटची सवय करून घ्यावी लागेल.

तिसरं साधन आपल्या घरचंच. बालभारतीची नववी ते बारावीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत, मराठीतही आणि इंग्रजीतही. छापील पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरचं साहित्य उघडतं. जुनी पुस्तकं रद्दीत दिली नसतील तर उत्तमच.

स्वयम आणि एनपीटीईएल ही नावंही तुम्ही ऐकली असतील. तिथले अभ्यासक्रम दर्जेदार आहेत, पण एनपीटीईएलचे बहुतेक अभ्यासक्रम कॉलेजच्या किंवा त्यापुढच्या पातळीचे असतात. पाया कच्चा असताना तिथून सुरुवात केली तर दुसऱ्याच आठवड्यात सोडून द्याल. ते एम-वन सुरू झाल्यावर कामाला येतील.

पैसे भरून कोर्स घेणारच असाल तर आधी दोनच प्रश्न विचारा. मी सोडवलेलं गणित कोणी माणूस तपासणार का? आणि मी अडकले तर कोणाला विचारायचं? दोन्हींचं उत्तर 'रेकॉर्डेड लेक्चर आहेत ना' असं आलं, तर तुम्ही मोफत मिळणारी गोष्ट विकत घेताय.

व्हिडिओ संपला म्हणजे कोर्स झाला का?

इथे माझी दुसरी फजिती सांगते. केटी लागल्यावर मी बीजगणिताचा एक ऑनलाइन कोर्स लावला. दीडपट वेगाने व्हिडिओ बघत चार दिवसांत सगळा संपवला. बसमध्ये बघितला, मेसमध्ये जेवताना बघितला. प्रत्येक व्हिडिओला 'हो, हे येतं मला' असं वाटायचं. स्क्रीनवर हिरवी पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली. मग जुनी प्रश्नपत्रिका घेऊन बसले आणि पहिल्याच गणितात त्याच जुन्या जागी अडकले.

दुसऱ्याचं गणित बघताना समजणं आणि स्वतःला ते येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काठावर बसून पोहणं बघितलं तर पोहता येत नाही, हे प्रत्येकाला पटतं. गणिताच्या बाबतीत मात्र आपण ते सोयीने विसरतो.

हा फक्त माझा अनुभव नाही. जानेवारी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने उडॅसिटी या ऑनलाइन कंपनीसोबत एक प्रयोग जाहीर केला. पायाभूत गणित, कॉलेज बीजगणित आणि प्राथमिक संख्याशास्त्र असे तीन विषय प्रत्येकी १५० डॉलरमध्ये ऑनलाइन शिकवायचे. त्या काळात ऑनलाइन कोर्स शिक्षणाचं चित्र पालटणार अशी हवा होती. निकाल लागला तेव्हा विद्यापीठाच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांपैकी पायाभूत गणितात सुमारे २९ टक्के, कॉलेज बीजगणितात ४४ टक्के आणि संख्याशास्त्रात ५१ टक्के पास झाले होते. विद्यापीठाने प्रयोग थोपवून धरला.

उन्हाळ्यातल्या दुसऱ्या फेरीत संख्याशास्त्र आणि कॉलेज बीजगणिताचे निकाल बरेच सुधारले. त्या फेरीत आधीच पदवीधर असलेले अनेक जण होते. पायाभूत गणिताचा निकाल मात्र ३० टक्क्यांच्या आसपासच राहिला. म्हणजे ज्यांना मदतीची सर्वात जास्त गरज, त्यांनाच नुसत्या ऑनलाइन कोर्सचा सर्वात कमी उपयोग झाला.

विद्यापीठाने नंतर केलेल्या अभ्यासातली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कोण पास होणार हे ठरवण्यात विद्यार्थ्याच्या पार्श्वभूमीपेक्षा त्याने प्रत्यक्ष किती काम केलं, म्हणजे सरावाचे प्रश्नसंच सोडवून जमा केले की नाही, याचा वाटा मोठा होता. जे वही भरत गेले, ते तरले.

मग अभ्यास करायचा कसा?

दुसऱ्या खेपेला मी जे केलं आणि जे मावसभावाला सांगितलं, ते असं. रोज एक तास, त्यात वीस मिनिटं व्हिडिओ आणि चाळीस मिनिटं वही. गणित सोडवताना व्हिडिओ बंद. व्हिडिओतलं उदाहरणसुद्धा आधी पॉज करून स्वतः सोडवायचं, मग पुढे बघायचं.

हाताशी सहा आठवडे असतील तर विभागणी अशी करता येईल. पहिल्या आठवड्यात चिन्हं, कंस आणि अपूर्णांक. दुसऱ्यात घातांक आणि करणी. तिसऱ्यात बहुपदी, अवयव आणि चल असलेले अपूर्णांक. चौथ्यात वर्गसमीकरणं आणि असमानता. पाचव्यात फलन आणि आलेख. सहाव्यात लॉगॅरिदम आणि आंशिक अपूर्णांक. तीनच आठवडे असतील तर पहिला, तिसरा आणि चौथा आठवडा सोडू नका.

वहीच्या मागच्या पानांवर चुकांची यादी ठेवा. चूक काय झाली, बरोबर काय होतं आणि साधी संख्या ठेवून ती कशी पकडता आली असती, इतकंच लिहा. पंधरा दिवसांनी लक्षात येईल, की आपण शंभर वेगवेगळ्या चुका करत नाही. त्याच पाच-सहा चुका पुन्हा पुन्हा करतो. माझ्या यादीत चारच होत्या, पण त्या चारांनी एक केटी लावली होती.

फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲप आणि चॅटबॉट आता सगळ्यांच्या हातात आहेत. वापरा, पण स्वतः शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचल्यावर. आधी उत्तर बघितलं की डोकं कामाला लागतच नाही.

पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्यांनी आणखी एक गोष्ट करावी. वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने आखा. एका बाजूला सहगुणक, चल, बहुपदी, अवयव, करणी, विवेचक, असमानता. समोर कोइफिशियंट, व्हेरिएबल, पॉलिनॉमिअल, फॅक्टर, सर्ड, डिस्क्रिमिनंट, इनइक्वॅलिटी. मी पहिल्या सहामाहीत 'डिस्क्रिमिनंट' हा शब्द काहीतरी नवीन प्रकरण असेल म्हणून वहीत लिहून ठेवला होता. तो दहावीतला आपला विवेचकच होता. गणित येत होतं, नाव माहीत नव्हतं. असं किती जणांचं होत असेल?

कॉलेजांची जबाबदारी लिंक पाठवून संपते का?

इथपर्यंत सगळं विद्यार्थ्याने काय करावं याबद्दल झालं. पण हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याचा नाही.

२०२१ मध्ये एआयसीटीईने इंजिनीअरिंग प्रवेशाच्या पात्रतेसाठी बारावीचे आणखी विषय ग्राह्य धरले, तेव्हा गणिताशिवाय येणाऱ्या मुलांचं काय, यावर मोठी चर्चा झाली. वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग अशा विषयांचे ब्रिज कोर्स द्यावेत, असं त्या नियमावलीतच म्हटलं होतं. कल्पना योग्य होती. पण मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या काही विद्यार्थ्यांसाठी ब्रिज कोर्स म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली एक लिंक होती. ती किती जणांनी उघडली, उघडून काय केलं, हे नंतर कोणी विचारलं नाही. सॅन होजेचा अनुभव आपल्याला हेच सांगतो: गरजू विद्यार्थ्याच्या हातात नुसता कोर्स देऊन भागत नाही.

उलट टोकाचा धोकाही आहे. आधी पायाभूत गणित पास व्हा, मगच कॉलेजचं गणित, अशी भिंत उभी केली तर मुलं भिंतीपलीकडे जातच नाहीत. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये असं होतंय, म्हणून तिथे २०१७ मध्ये एबी ७०५ हा कायदा झाला. ज्या विद्यार्थ्याला थेट कॉलेजच्या विषयात यश मिळण्याची शक्यता फारच कमी आहे असं दाखवता येत नाही, त्याला आधीच्या पायाभूत वर्गात अडकवू नये, असा त्याचा सारांश. त्यानंतर तिथे मुख्य विषयासोबतच आधाराचे तास देण्यावर भर आला.

आपल्याकडे दोन्हींच्या मधला मार्ग काढणं अवघड नाही. एआयसीटीईने नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम ठरवून दिलेला आहे. त्यातला एक तास आठ-दहा प्रश्नांच्या चाचणीला द्या. तिचे गुण निकालात धरू नका, नोटीस बोर्डावरही लावू नका. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी पहिल्या सहामाहीत आठवड्याला एक तास ठेवा. शिकवायला मोफत ऑनलाइन कोर्स आहेच. त्या तासाला फक्त वह्या तपासायच्या. प्राध्यापकांना वेळ नसेल तर तिसऱ्या वर्षाची चार मुलं हे काम आनंदाने करतील. खर्च जवळपास काहीच नाही.

केटीची किंमत मात्र मोठी असते. परीक्षेची फी पुन्हा भरावी लागते, पुढच्या सहामाहीच्या विषयांवर ताण येतो आणि केट्या साचल्या तर एक वर्ष घरी बसावं लागतं. कर्ज काढून शिकवणाऱ्या घरात ते वर्ष फक्त मुलाचं जात नाही. माझ्या वेळी मी ही गोष्ट आईला दोन महिने सांगितली नव्हती. नापास होण्यापेक्षा, आपल्याला इंजिनीअरिंग झेपणार नाही असं वाटायला लागणं जास्त वाईट होतं. आणि ते खरंही नव्हतं. मला इंजिनीअरिंग झेपत होतं, कंस सोडवता येत नव्हते.

मावसभावाने रविवारी ती आठ प्रश्नांची चाचणी दिली. बारावीला त्याला माझ्यापेक्षा जास्त गुण आहेत. चार बरोबर आली. आधी तो म्हणाला की प्रश्नच फसवे आहेत. मग तासाभराने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. सातवं गणित त्याने पुन्हा सोडवलं होतं, दोन्ही उत्तरं मूळ समीकरणात ठेवून बघितली होती आणि −२ वर काट मारून शेजारी लिहिलं होतं, 'चालत नाही'.

कोर्सचा पहिला व्हिडिओ त्याने अजून उघडलेला नाही, पण सुरुवात झाली आहे.